आमच्या गल्लीत गुन्हाच होत नाही, कागदावर

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

पत्र लांबलंय, कापायचं तिथं कापा, फक्त चौकीच्या कुलुपाचं तेवढं राहू द्या. मी सिडकोत राहतो. पाटीवर नवीन नाशिक लिहितात पण रिक्षावाल्याला नवीन नाशिक सांगितलं तर तो आपल्या तोंडाकडे बघतो, म्हणून सिडकोच म्हणतो. अंबडच्या एका कंपनीत 29 वर्षं टर्नर होतो, गेल्या वर्षी व्हीआरएस घेतली, आता घरीच असतो त्यामुळे गल्लीत काय चाललंय ते जरा जास्तच दिसतं, मिसेस म्हणते तुम्हाला दुसरं काम नाही म्हणून दिसतं, असेल तसंही.

2025 च्या ऑक्टोबरात आपल्याकडे पोलिसांनी गुंडांविरुद्ध जी मोहीम काढली ती तुम्ही रोज छापत होता. कालपर्यंत चौकात तलवारीने केक कापणारे, फ्लेक्सवर गॉगल लावून झळकणारे लोक हात जोडून 'नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला' म्हणतायत, सगळ्या महाराष्ट्रात ते रील फिरले. खोटं कशाला बोलू, मी पण ते चार ग्रुपवर टाकले, आमच्या धुळ्याच्या साडूला मुद्दाम पाठवले. बरं वाटलं, एवढे दिवस ज्यांच्या नावाने मान खाली घालून जायचो त्यांचा आवाज असा बारीक झालेला ऐकून कुणाला बरं वाटणार नाही. आता त्यावर वकील लोक काय म्हणतात, असं कॅमेऱ्यासमोर बोलायला लावणं कायद्यात बसतं का, तो वेगळा विषय आहे आणि तो पण कुणीतरी विचारायला पाहिजे. पण मला लिहायचंय ते दुसरंच. तो बालेकिल्ला आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबलाय असं मला वाटतं, आणि का थांबलाय त्याचं कारण मला माझ्या घरातच सापडलं.

आम्ही मूळचे साक्रीकडचे. सिडकोत निम्मी वस्ती खानदेशातली, कसमादेतली म्हणजे कळवण-सटाणा-मालेगाव-देवळ्याकडची, त्यामुळे श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या लाईनीत चार-पाच घरी तरी कानबाई, आमची खानदेशी देवी, बसते. आमच्याकडे पण असते. त्या दिवशी मिसेस खरी पोत घालते, बाकी वर्षभर बेन्टेक्सची, ही पद्धत सिडकोतल्या सगळ्या बायकांची आहे, कुणी सांगावं लागत नाही. रविवारी कानबाई बसली, रात्रभर जागरण, सोमवारी वाजतगाजत विसर्जन, रोट खाऊन पाहुणे निघेपर्यंत संध्याकाळ झाली आणि थकून जी झोपली ती पोत काढून ठेवायचीच राहिली. मंगळवारी सकाळी सव्वासहाला दूध आणायला गेली. केंद्रापासून आमचं घर दीडशे पावलं असेल. मागून गाडी आली, दोघं होते, मागच्याने मानेत हात घातला. हिने दुधाच्या पिशव्या टाकून दोन्ही हातांनी पोत धरली म्हणून अर्धी मुठीत राहिली, बाकीची गेली, एक वाटी तेवढी पदराच्या पिनेला अडकून राहिली. मी ओरडा ऐकून बनियनवर धावत गेलो तेव्हा रस्त्यावर दूध सांडलेलं, दुधात काळे मणी पसरलेले आणि ही खाली बसून एकेक मणी वेचतेय. मानेवर लालभडक वळ. मी म्हणलं अगं राहू दे ते, तर म्हणते थांबा, मोजायचेत.

पोलीस स्टेशनला गेलो. कुठल्या ते लिहीत नाही, आणि तिथली माणसं वाईट होती असंही नाही, एका ताईंनी हिला पाणी दिलं, मानेला लावायला मलम दिलं. पण पावती मागितली. घरी येऊन लग्नाच्या पेटीतून पावती काढली, 1998 ची, पिवळी पडलेली, 15 ग्रॅम, तेव्हाचे साधारण 6 हजार. गेलेला तुकडा 9 ग्रॅमचा. गुन्हा नोंदवला पण किंमत धरली पावतीवरची. म्हणजे साहेब, तोळा लाखाच्या वर गेलेल्या दिवसांत कागदावर आमचं नुकसान किती, तर 3600 रुपये. मी म्हणलं आजचा भाव लावा ना, तर ठाणे अंमलदार म्हणाले काका पावतीवर जे आहे ते. त्या दिवशी मला पहिल्यांदा डोक्यात आलं की आपल्यावर जे घडतं ते एक आणि वहीत जे उतरतं ते एक.

दुसरा किस्सा पोराचा. डिप्लोमा करतो, क्लासवरून येताना त्रिमूर्ती चौकाच्या अलीकडे फोनवर बोलत चालला होता, गाडीवरून दोघं आले, कानाचा मोबाईल काढून घेतला आणि गेले, इतकं सोपं. हा गेला तक्रार द्यायला तर अर्जावर वरतीच छापलेलं, मोबाईल गहाळ झाल्याबाबत. पोरगं म्हणालं सर गहाळ नाही झाला, हिसकावला. तर उत्तर काय, अरे बाबा गहाळ लिहिलं तरी नंबर ब्लॉक होतो, सिम दुसरं मिळतं, फोन सापडला तर फोन पण मिळतो, गुन्हा दाखल केला तर तुलाच कोर्टात हेलपाटे. आता वीस वर्षाच्या पोराला हे पटतंच. त्याने सही केली आणि घरी येऊन मला म्हणतो पप्पा जाऊ द्या, ब्लॉक तर झाला. ते फोन ब्लॉक करायचं, शोधायचं सरकारी सीईआयआर पोर्टल चांगलंच आहे, त्याच्यामुळे लोकांचे फोन परत पण मिळालेत, साहेबांच्या हस्ते फोन वाटपाचे फोटो तुमच्याच पेपरात येतात. पण त्या फोटोतल्या किती जणांचा फोन खरंच रिक्षात विसरला होता आणि किती जणांच्या हातातून ओढला होता, हे एकदा तुमच्या वार्ताहराने त्या रांगेत उभ्या लोकांना विचारून बघावं. मी पैज लावतो.

माझा पुतण्या वकिली करतो, त्याने मला बसवून समजावलं ते इथं लिहितो कारण लोकांना माहीतच नाही. 1 जुलै 2024 पासून नवीन कायदे लागू झाले. त्यात हिसकावून नेणं हा भारतीय न्याय संहितेत 304 नंबरचा वेगळा गुन्हाच केलाय, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि तो दखलपात्र आहे. साधी चोरी मात्र 303 मध्ये, आणि त्यात गंमत अशी की चोरलेल्या मालाची किंमत 5 हजाराच्या आत असेल तर ती अदखलपात्र, म्हणजे एनसी लिहून पावती घ्या आणि घरी जा. आता कळलं का जुन्या पावतीची किंमत आणि 'सेकंडहँड फोनला काय येणार दोन-चार हजार' ह्या बोलण्याला काय अर्थ असतो ते. तसंच नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 आहे, त्यात तक्रार ऑनलाईन पाठवता येते, तीन दिवसांत जाऊन सही करायची, हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही, एफआयआरची प्रत फुकट मिळते, आणि घेतलीच नाही तर लेखी वरच्या साहेबांना पोस्टाने पाठवता येते. दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली की एफआयआर करायलाच लागतो हे तर सुप्रीम कोर्टाने 2013 मध्येच ललिता कुमारीच्या केसमध्ये सांगून ठेवलंय. पुतण्या म्हणाला काका हे सगळं तुम्ही ठाण्यात जाऊन म्हणून दाखवा. मी म्हणलं तूच चल बरोबर. अजून दोघंही गेलो नाही.

आता कुलुपाकडे येतो.

आमच्या लाईनीच्या टोकाला एक पोलीस चौकी आहे. निळी-पांढरी, वर पत्रा, बाहेर सिमेंटचा बाक. ती बरीच वर्षं उघडी असायची आणि तिथं एक हवालदार बसायचे, नाव लिहीत नाही, रिटायर होऊन आता गावी गेलेत. पोट सुटलेलं, सायकलवर यायचे, नंतर लुना. त्यांना पळता यायचं नाही, चोर त्यांनी एकही पळून पकडला नसेल. पण कुणाचं पोरगं कुणाबरोबर बसतंय हे त्यांना आईबापाच्या आधी माहीत असायचं. आमच्या शेजारचा पोरगा दहावीला असताना गुटखा खाऊन त्या बाकावर बसला होता, त्याला त्यांनी फटकावला नाही, नुसतं म्हणाले तुझे वडील सेकंड शिफ्टला आहेत ना या आठवड्यात, साडेबाराला येतील, तोपर्यंत इथंच बस, आपण दोघं त्यांना भेटू. पोरगा रडायला लागला. आज तोच पोरगा सातपूरला वेल्डिंगचं वर्कशॉप टाकून बसलाय, चार माणसं कामाला आहेत. हे मी उगाच जुनं ते सोनं म्हणून सांगत नाही, त्या काळात पण लाच होती, मारहाण होती, सगळं होतं. पण वडिलांची शिफ्ट माहीत असलेला पोलीस आज सिडकोत कुठे आहे ते दाखवा.

ती चौकी आता बंद असते. किती वर्षं ते नक्की सांगता येणार नाही, बंद होताना काही कार्यक्रम होत नाही ना. दाराला पोरांनी खडूने तीन स्टंप काढलेत, बॉल लागून लागून खालचा पत्रा आत गेलाय. बाकावर दिवसा म्हातारे आणि रात्री दहानंतर कोण बसतं ते आम्हाला माहीत आहे. व्हाईटनर, थिनर, गोळ्या, वास येतो, सकाळी बाकाखाली पत्ते पडलेले असतात, झाडणाऱ्या मावशी मला बोलावून दाखवतात. म्हणजे पोलीस चौकीचा आडोसा सगळ्यात सेफ जागा झाली, कारण तिथं पोलीस येणार नाही याची खात्री. मी एकदा बीट मार्शलला, म्हणजे गाडीवरून गस्त घालणाऱ्या पोलिसाला, थांबवून विचारलं, चौकी का बंद. तरुण पोरगा होता, हेल्मेट काढून व्यवस्थित बोलला, म्हणाला काका तुमच्या भागात गुन्हे कमी आहेत ना, जिथं जास्त तिथं माणसं लावतात.

आता लागली का टोटल? मोबाईल गेला, गहाळ. पोत गेली, 3600. गाडीची काच फोडली, कुणी तक्रारच देत नाही कारण इन्शुरन्सवाला नुसता फोटो मागतो. दोन घरं सोडून आजींचं पितळी घंगाळ अंगणातून गेलं, ते तर घरच्यांनीच 'जाऊ दे जुनं होतं' म्हणून सोडलं. सगळं मिळून वहीत आमची गल्ली एकदम स्वच्छ. वहीत गुन्हा नाही म्हणून माणूस नाही, माणूस नाही म्हणून चौकी बंद, चौकी बंद म्हणून सव्वासहाला गाडीवाल्यांना मोकळं रान, आणि ते करून गेले की परत गहाळ. ह्यात नुसते पोलीसच नाहीत, आम्ही पण आहोत. तक्रार नको म्हणणारे आम्हीच, पंच म्हणून सही करायला बोलावलं की गावाला जाणारे आम्हीच, आणि घराबाहेर कॅमेरा आहे पण पोलिसांनी फुटेज मागितलं की 'तो बंद आहे साहेब' म्हणणारे तर माझ्याच समोर राहतात, वाचतील तेव्हा रागावतील, रागवा.

मग चौकी बंद म्हणून आम्ही काय केलं, तर ग्रुप केला. 'सतर्क गल्ली' म्हणून. पहिले आठ दिवस भारी चाललं, पोरं रात्री बारा ते तीन काठ्या घेऊन फिरायची, भेळ-भत्त्याची पार्टी व्हायची. नवव्या दिवशी कुणीतरी एक व्हिडिओ टाकला, मुलं पळवणारी टोळी आली आहे, अंगावर काळं जॅकेट. त्याच रात्री साडेबाराला पोरांनी एकाला धरलं. पाठीवर सॅक, काळं जॅकेट, हिंदी बोलतोय. सॅक उचकटली तर आत टिफिन, सेफ्टी शूज आणि कंपनीचं आयकार्ड, अंबडला सेकंड शिफ्ट करून घरी चाललेला पोरगा, आमच्याच मागच्या लाईनीत भाड्याने राहतो. तोपर्यंत त्याला दोन बसल्या होत्या. मी गेटवरून ओरडत गेलो म्हणून तिथंच थांबलं. 29 वर्षं मी पण त्याच वेळेला त्याच रस्त्याने त्याच सॅकमध्ये डबा घेऊन यायचो हो. ओठ फुटलेला, आणि तो आम्हालाच सॉरी सॉरी म्हणत होता.

राईनपाडा आमच्या साक्री तालुक्यातला. 1 जुलै 2018, आठवडे बाजाराचा दिवस, असाच मेसेज फिरत होता आणि भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना लोकांनी पोरं पळवणारे समजून मारून टाकलं. आमच्या नातेवाईकांच्या गावापासून लांब नाही ते. त्या रात्री मला झोप लागली नाही, दुसऱ्या दिवशी मी ग्रुपमधून बाहेर पडलो आणि पोरांच्या काठ्या घरी आणून माळ्यावर टाकल्या. म्हणून जे लोक म्हणतात नागरिकांनी स्वतः पहारा द्यावा, त्यांना माझं म्हणणं आहे की द्या, पण बरोबर एक वर्दीतला माणूस पाहिजे ज्याला आयकार्ड बघायचं कळतं.

आता एक पहारेकरी आहे आमच्याकडे, गुरखा. नेपाळचा आहे, रात्री शिट्टी आणि काठी आपटत जातो, महिन्याच्या पहिल्या रविवारी घरटी 50 रुपये घ्यायला येतो. त्याला कुठल्या घराला कुलूप आहे, कुणाचे म्हातारे एकटे आहेत, कुणाची गाडी नवी आहे, सगळं पाठ. मी विचारलं तुझ्याकडे कधी पोलीस चौकशीला आले का, काय दिसलं काय नाही. म्हणाला साब कोई नहीं पूछता. तसाच घंटागाडीवाला. नाशिकची घंटागाडी सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, रोज सकाळी प्रत्येक दारासमोर थांबते, कुठल्या घरातून आठ दिवस कचराच आला नाही हे त्याला पहिलं कळतं. ह्या दोघांशी महिन्यातून एकदा चहा पिला तरी निम्मं काम होईल.

गावाकडे पोलीस पाटील असतो. 1967 चा ग्राम पोलीस कायदा आहे त्याचा, मानधन थोडं, कटकटी फार, पण गावात नवीन माणूस आला की पाटलाच्या कानावर जातं. सिडको बसली तेव्हा मोरवाडी, कामटवाडे, अंबड ही गावंच होती, गावं शहरात आली, पाटील गेले आणि त्यांच्या जागी काय आलं, तर भाडेकरूंची माहिती ऑनलाईन भरा म्हणून आदेश. घरमालक भरत नाहीत. आणि भरली तरी ती कोण वाचतं. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या नाशिकरोडजवळच्या शिंदे गावात एमडी ड्रग्जचा कारखानाच सापडला, तोही मुंबईच्या पोलिसांनी येऊन पकडला. एवढा माल बनत होता, गाड्या येत-जात असतील, उग्र वास येत असेल, आणि इथल्या कुणाला पत्ता नाही. मला त्यात कुणावर आरोप करायचा नाही. पण शेजारच्या शेडचं भाडं कोण भरतो हे माहीत असलेला एक जरी माणूस तिथल्या बीटवर कायम असता तर मुंबईहून यायची वेळ आली असती का, एवढं विचारतो.

आणि हे काही माझं नवीन डोकं नाही. आपल्याच महाराष्ट्रात भिवंडीला हे होऊन गेलंय. 1984 ला तिथं मोठी दंगल झाली, त्यानंतर सुरेश खोपडे तिथं उपायुक्त असताना त्यांनी मोहल्ला समित्या केल्या, प्रत्येक समितीला एक पोलीस जोडून दिला, आणि लोकांना नियमित एकत्र बसवलं, नळाच्या भांडणापासून सगळं तिथं बोलायचे. 1992-93 ला मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. आपल्याकडे पण शांतता समिती आहे, गणपतीच्या आणि ईदच्या आधी बैठक होते, पण त्यात कोण असतं, सगळे कडक इस्त्रीच्या कपड्यातले. दूध केंद्रवाला नाही, रिक्षा स्टँडचा माणूस नाही, शिफ्ट सुटल्यावर पायी येणारी बाई नाही. केरळात 2008 पासून जनमैत्री म्हणून योजना आहे, बीटवरच्या पोलिसाने आपल्या भागातलं प्रत्येक घर ओळखायचं, घरी जाऊन. आपल्याकडे पोलीस घरी आला की शेजारी विचारतात काय झालं.

म्हाताऱ्यांचं एक सांगतो, हे तर मला स्वतःला धक्का होता. 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे ना, त्याखालच्या नियमात लिहिलंय की पोलीस स्टेशनने आपल्या हद्दीतल्या ज्येष्ठांची, त्यातून एकट्या राहणाऱ्यांची यादी ठेवायची आणि महिन्यातून एकदा तरी पोलिसाने, जमल्यास एखाद्या स्वयंसेवकाला घेऊन, त्यांना भेटून यायचं. सिडकोत आज प्रत्येक लाईनीत दोन-तीन घरं अशी आहेत, पोरं पुण्याला आयटीत नाहीतर बाहेरच्या देशात, खाली दोघं म्हातारे, वरचा मजला भाड्याने. आमच्या घंगाळवाल्या आजींना मी विचारलं तुमच्याकडे कधी पोलीस आला का भेटायला. म्हणाल्या आला होता, मतदानाच्या वेळी.

पोलिसांची बाजू मला कळत नाही असं समजू नका. त्या बीट मार्शल पोराने मला त्याच बाकावर बसून त्याचा आठवडा सांगितला. सोमवारी कोर्टात आरोपी, मंगळवारी समन्स वाटप, बुधवारी मंत्री आले म्हणून हायवेला उभा, गुरुवारी मोर्चा, शुक्रवारी साप्ताहिक सुट्टी रद्द, आणि रात्री गस्त आहेच. त्याची बायको निफाडला असते, पोरगी दीड वर्षाची, ती त्याला मामा म्हणते म्हणाला, हसत होता पण हसण्यासारखं काय आहे त्यात. आणि सहा महिन्यांत त्याची बदली झाली, आता दुसरा आलाय, त्याला मी अजून पहिल्यापासून सांगतोय की ही गल्ली पुढं बंद आहे, गाडी वळवायला जागा नाही. त्र्यंबक रोडला पोलीस अकादमी आहे, 1906 ला पुण्यात भांबुर्ड्याला निघाली आणि 1909 पासून आपल्याकडे आहे, अख्ख्या राज्याचे फौजदार नाशकात शिकून जातात, आणि आमच्या चौकीला लावायला एक माणूस नाही.

पोलिसांच्या 112 नंबरबद्दल चांगलंच सांगतो. काठ्यावाल्या रात्री मीच फोन लावला होता. फोन उचलणारी ताई म्हणाली सिडको कुठलं, नवी मुंबई का संभाजीनगर. तिची चूक नाही, महाराष्ट्रात सिडको काही एकच नाही. नाशिक म्हणल्यावर तिने पटकन पुढं दिलं आणि गाडी बारा मिनिटांत आली, मानलं. पण गाडीतले साहेब पहिल्यांदाच त्या गल्लीत आले होते, दोन लाईनी चुकून आले, आणि आले तेव्हा ज्याला मार बसला तो पोरगा घरी निघून गेला होता, बाकीचे पांगले होते, मी एकटा बनियनवर उभा. बनियनवर असलो की माझ्या बाबतीत काहीतरी घडतंच असं मिसेसचं म्हणणं आहे.

आता सगळ्यांच्या तोंडी 2027 चा सिंहस्थ आहे. बंदोबस्त लागणारच, 2003 ची चेंगराचेंगरी ज्याने बघितली तो त्याला नाही म्हणणार नाही, 39 माणसं गेली होती. 2015 ला मग उलटं झालं, पहिल्या पर्वणीला, 29 ऑगस्टला, इतके बॅरिकेड लावले की नाशिककर घरातच बसले आणि दुकानदार माश्या मारत होते. ह्या वेळेला मधला रस्ता काढतील अशी आशा. पण रामकुंड आणि तपोवन सांभाळायला जेव्हा सगळी फौज तिकडं जाईल तेव्हा सिडको, सातपूर, म्हसरूळ, उपनगर इथल्या गल्ल्यांमध्ये कोण राहणार? लाखो लोक शहरात येणार म्हणजे त्यांच्यामागे गर्दीवर जगणारे पण येणार, आणि पर्वणीला बायका खऱ्या पोती घालून जाणार, कानबाईला घालतात तशाच. निदान तोपर्यंत तरी ही बंद चौकी उघडा. चोवीस तास नको, सकाळी साडेपाच ते आठ आणि संध्याकाळी सात ते रात्री साडेबारा, सेकंड शिफ्ट घरी येईपर्यंत. एकच माणूस पण तोच माणूस, दोन वर्षं तरी हलवू नका, त्याचं नाव आणि मोबाईल नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवा. होमगार्ड दिला बरोबर तरी चालेल. झाडूचं, पाण्याच्या जारचं, चहाचं आम्ही बघतो, लाईट बिलाचं पण बघू. समोरच्या खांबावरचा दिवा मात्र मनपाने लावावा, तो मागायला गेलो तर मार्च 2022 नंतर नगरसेवकच नव्हते आणि प्रशासकांना आमचा खांब कुठला माहीत.

आणि अर्जावर जिथं गहाळ छापलंय तिथं खाली एक रिकामी चौकट ठेवा, हिसकावला का विसरला, टिक करायला. एवढ्याने सुद्धा आकडे बदलतील. बदललेले आकडे बघून वरचे साहेब खालच्यांवर ओरडतील ह्या भीतीनेच तर ती चौकट नसते हे मला कळतं, पण आयुक्त साहेबांनी एकदा जाहीर सांगून टाकावं की ज्या ठाण्याचे गुन्हे वाढलेले दिसतील त्याला आम्ही त्या कारणाने बोलणार नाही. बघा मग कशा वह्या भरतात.

मिसेसने वेचलेले मणी एका स्टीलच्या डबीत आहेत. 61 भरले. पोत परत ओवायची नाही म्हणते, आता बेन्टेक्सची पण घालत नाही, नुसता काळा दोरा.

कळावे, लोभ असावा.

आपला रोजचा वाचक,
एक निवृत्त कामगार, सिडको, नाशिक

ता.क. पत्र पोस्टात टाकायला निघालो तर चौकीवर दोघं शिडी लावून उभे दिसले. मला वाटलं उघडतायत, जवळ गेलो. वाढदिवसाचा फ्लेक्स बांधत होते, खालची सुतळी कुलुपालाच ओवली होती.